आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेताना

मुंबईतल्या मरोळ गावठाणात आणि त्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या इमारतींत अशी बरीच कॅथोलिक माणसे राहतात, ज्यांना देवळाची घंटा ऐकू येते पण देवळापर्यंत जाता येत नाही. कुणाचे गुडघे गेले आहेत, कुणाच्या इमारतीला लिफ्ट नाही, कुणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहे, तर कुणाला ऑक्सिजनच्या यंत्रापासून दूर जाता येत नाही. रविवारच्या मिस्सेतून ख्रिस्तशरीर घेऊन या लोकांच्या घरी जाण्याची सेवा गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. नातवंडे, स्वयंपाकपाणी, औषधपाणी यांत माझा दिवस जातो. अशा प्रापंचिक बाईकडे ही सेवा कशी येते, तिच्यासाठी काय शिकावे लागते, आणि ती करता करता ख्रिस्तशरीर संस्काराचा माझ्या रोजच्या जगण्याशी असलेला संबंध मला कसा उमगत गेला, ते सविस्तर लिहावे असे मनात होते.

ज्यांना आमची उपासना परिचयाची नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. मिस्सेत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षरस हाती घेऊन येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी काढलेले शब्द उच्चारतात. त्यानंतर त्या दोहोंचे रूप, रंग आणि चव तशीच राहते, मात्र त्यांचे मूळ तत्त्व पालटते आणि ख्रिस्त स्वतः तिथे खरोखर उपस्थित होतो, अशी आमची श्रद्धा आहे. ही उपस्थिती मिस्सा आटोपल्यावर संपत नाही. म्हणूनच उरलेले होस्ट, म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी यांखेरीज काहीही न घालता केलेल्या त्या पातळ गोल चकत्या, देवळातल्या टॅबरनॅकल नावाच्या लहान पेटीत कुलूपबंद ठेवतात आणि जवळ एक दिवा सतत तेवत असतो. तिथे गुडघे टेकून आराधना करण्याची आम्हा सर्वांना लहानपणापासून सवय असते. पण ख्रिस्तशरीर असे जपून ठेवण्याचे मूळ आणि पहिले कारण आजारी व मरणाच्या दारी असलेली माणसे हे आहे, त्यांना कोणत्याही घटकेला ते नेऊन देता यावे म्हणून ते ठेवलेले असते, ही गोष्ट मला वयाची साठी जवळ आल्यावर प्रशिक्षणात प्रथम नीट कळली.

आमच्या घरात ख्रिस्तशरीराचा आदर उपासाच्या शिस्तीतून शिकवला गेला. माझी आजी तिच्या तरुणपणी ज्या दिवशी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर, घ्यायची असे त्याच्या आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेत नसे, आणि तशीच चालत पहाटेच्या मिस्सेला जात असे. पाण्याने उपास मोडत नाही, अशी मोकळीक १९५३ मध्ये मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. त्याच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेचा, ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज जाहीर झाला, ज्यात ख्रिस्तशरीर संस्काराला सगळ्या ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटले आहे. पुढच्याच आठवड्यात मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या सन्मानार्थ भरणारा मेळावा, सुरू झाली आणि तिच्यासाठी खुद्द सहावे पॉल मुंबईत आले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. माझे वडील तेव्हा ऐन विशीत होते. ओव्हल मैदानावरच्या त्या गर्दीत उभे राहिल्याची हकिगत त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की मैदानावरून जाताना मला आजही वेदी कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घ्यावासा वाटतो. आजीच्या काळात रोज कम्युनियन घेणे हे धार्मिक वृत्तीच्या मोजक्या माणसांचे काम समजले जाई. खरे तर १९०५ मध्येच पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्य तर रोज, ख्रिस्तशरीर घेण्याचे सामान्य माणसांना आवाहन केले होते आणि १९१० मध्ये सुमारे सात वर्षांच्या मुलांनाही त्याचे दार उघडले होते. पण सवयी हुकमाने बदलत नाहीत. आमच्या घरात हा बदल पोचायला दोन पिढ्या लागल्या.

माझी पिढी मात्र उलट टोकाला गेली. दर रविवारी मिस्सा, रांगेत उभे राहणे, पुढे केलेल्या तळहातावर ख्रिस्तशरीर घेणे, आमेन म्हणणे आणि जागेवर परत येणे हे इतके अंगवळणी पडले होते की त्याची उणीव कधी भासेल असे वाटलेच नव्हते. मार्च २०२० मध्ये साऱ्या मुंबईतली प्रार्थनास्थळे बंद झाली. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. आम्ही टेबलावर क्रूस ठेवून, मेणबत्ती लावून तिच्यापुढे बसायचो, आणि कम्युनियनच्या वेळी पडद्यावर आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना उमटायची: प्रभू, मी तुला आता संस्काराच्या रूपात स्वीकारू शकत नाही, तरी माझ्या हृदयात ये. प्रार्थना मनापासून व्हायची, आणि तरीही संपल्यावर हात रिकामे आहेत हे जाणवायचे. ऐकणे आणि पाहणे पडद्यावरून होते. खाणे होत नाही. ख्रिस्ताने आपली आठवण ठेवायला जेवणच का निवडले असेल, हा विचार त्या महिन्यांत माझ्या मनातून गेला नाही.

त्या वर्षी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळे उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. आम्ही मिस्सेला जाऊ लागलो. माझी आई तेव्हा अंथरुणावर होती. मी देवळातून परत आले की ती विचारायची, “घेतलंस?” मी हो म्हणायचे, आणि तिला द्यायला माझ्याजवळ काही नसायचे. वृद्धांच्या घरी जाण्यातला धोका ओळखून ख्रिस्तशरीर घरी नेण्याची सेवा बऱ्याच सावकाशीने सुरू झाली, आणि ते योग्यच होते. अखेर आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) एक गृहस्थ मास्क लावून, हात निर्जंतुक करून आईच्या खाटेपाशी उभे राहिले, तेव्हा तिने तोंड उघडले ते लहान मूल उघडते तसे. ती ख्रिस्तवासी झाल्यावर काही महिन्यांनी फादरांनी मला बोलावले आणि याच सेवेसाठी माझे नाव देऊ का, असे विचारले. मी घरी विचारून सांगते म्हणाले. वास्तविक माझा होकार त्या खाटेपाशीच झाला होता.

ही नेमणूक कुणी स्वतःहून मागायची नसते. वेदीवरचे आणि कम्युनियन देण्याचे काम मुळात बिशप, धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूंच्या आधीच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांचे आहे. त्यांची संख्या अपुरी पडते किंवा त्यांना सगळीकडे पोचता येत नाही तेव्हा प्रापंचिकांची मदत घ्यावी, अशी मुभा सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत जानेवारी १९७३ मध्ये निघालेल्या सूचनापत्राने दिली. आमच्याकडे धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू नाव सुचवतात, महाधर्मप्रांताकडून, म्हणजे आर्चबिशपांच्या कार्यालयाकडून, त्याला मान्यता मिळते, प्रशिक्षण होते आणि ठरावीक मुदतीसाठी ही सेवा सोपवली जाते. मुदत असणे मला फार योग्य वाटते. हा मान नाही, हक्क तर मुळीच नाही, आणि काही वर्षांनी दुसऱ्याच्या हाती द्यायचे काम आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असले की माणूस त्याला चिकटून बसत नाही.

प्रशिक्षणाला निरनिराळ्या धर्मग्रामांतून आलेली माणसे होती: बँकेतले कारकून, नर्स, गृहिणी, रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, मनोरीचे एक शेतकरी. सुरुवात इतिहासापासून झाली. रोममध्ये इसवी सन १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. जे हजर राहू शकत नाहीत त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तशरीर घेऊन जातात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ही प्रथा आमच्या सर्वांत जुन्या प्रथांपैकी आहे. नंतर संत टार्सिसियस यांच्याविषयी सांगितले. ते रोममध्ये ख्रिस्तशरीर घेऊन जात असताना त्यांना जमावाने अडवले, पण ख्रिस्तशरीर त्यांनी हातचे सोडले नाही, आणि त्यात त्यांना मारले गेले. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी त्यांच्या स्मृतीसाठी लिहिलेल्या पद्यामुळे ही घटना आपल्यापर्यंत आली. वेदीसेवक मुलांना ही गोष्ट नेहमी सांगतात; मीही धर्मशिक्षणाच्या वर्गात ती शिकवली होती. पण उद्या आपल्याच हातांत ते येणार आहे, हे मनात ठेवून ऐकताना ती वेगळी वाटली.

त्यानंतरचा भाग पूर्णपणे हातांचा होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. अभिषेक न केलेले होस्ट घेऊन आम्हाला सराव करायला लावला. पिक्स म्हणजे ख्रिस्तशरीर नेण्याची झाकणाची छोटी गोल डबी. ती गळ्यात अडकवायच्या कापडी पिशवीत कशी ठेवायची, झाकण पक्के बसले आहे याची खात्री कशी करायची, कॉर्पोरल नावाचे पांढरे तागाचे चौकोनी वस्त्र आजाऱ्याच्या टेबलावर कसे पसरायचे आणि परत घडी घालताना मध्यभाग आतच कसा राहू द्यायचा, म्हणजे एखादा कण असलाच तर तो बाहेर सांडणार नाही. आजाऱ्याला गिळायला त्रास होत असेल तर होस्टचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर द्यायचा. त्या कणातही संपूर्ण ख्रिस्त आहे. तो तोंडात राहिला नाही आणि बाहेर आला, तर जराही घाई किंवा किळस न दाखवता स्वच्छ कापडात घ्यायचा, देवळात आणून पाण्यात विरघळू द्यायचा आणि मग ते पाणी त्यासाठीच ठेवलेल्या, थेट जमिनीत जाणाऱ्या कुंडीत ओतायचे. आमच्याबरोबर असलेल्या नर्सने इथे एक चांगला मुद्दा मांडला: नळीतून अन्न जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांच्या सांगण्यावर न थांबता डॉक्टरांना विचारावे, कारण श्वासनलिकेत कण जाण्याची भीती असते. अशा रुग्णांसाठी धर्मगुरूंना कळवायचे, असे ठरले.

२००४ मध्ये रोमहून आलेल्या एका सूचनापत्रातला नियमही तिथे शिकवला गेला. ख्रिस्तशरीर घेऊन निघालेल्या माणसाने शक्यतो थेट आजाऱ्याच्या घरी जावे, वाटेत इतर कामे उरकू नयेत. मुंबईत राहणाऱ्याला यातले मर्म लगेच कळते. आपण एका फेरीत चार कामे उरकणारी माणसे. दूध, भाजी, औषधे, विजेचे बिल, सगळे एकाच खेपेत. या एका खेपेला मात्र दुसरे काही जोडायचे नाही, आणि घरी जाऊन चहा घेऊन मग जाते असेही करायचे नाही.

नेमणूक रविवारच्या मिस्सेत झाली. प्रवचनानंतर नावे पुकारली, फादरांनी प्रश्न विचारले, आम्ही तयारी दाखवली आणि सगळ्या धर्मग्रामाने आमच्यासाठी प्रार्थना केली. आता कम्युनियननंतर मी वेदीपाशी जाते, फादर पिक्समध्ये यादीप्रमाणे होस्ट ठेवतात, आणि शेवटच्या आशीर्वादाबरोबर मी बाहेर पडते. आजाऱ्याला जे मिळते ते या मिस्सेतले, या वेदीवरचे असते. त्यामुळे मी घरी गेल्यावर आधी सांगते की आज कुठले शुभवर्तमान वाचले, फादर काय म्हणाले, कोणाच्या आत्म्यासाठी मिस्सा होती, आणि कोणाच्या लग्नाच्या चिठ्ठ्या (ठरलेल्या लग्नांच्या घोषणा) वाचल्या. हे गप्पा मारण्यासाठी नसते. ज्याला जागेवरून हलता येत नाही तो त्या मंडळीतलाच आहे, आणि मंडळीत काय घडले हे जाणण्याचा त्याला अधिकार आहे.

देवळातून निघाल्यावर वाट सुक्या मासळीच्या बाजारावरून जाते. रविवारी तिथे गर्दी असते, ओळखीचे चेहरे भेटतात, हाका येतात. सुरुवातीला मला याचे दडपण यायचे. आता गावठाणातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या गळ्यातली पिशवी दिसली की ते मान लववून वाट देतात, काही जण क्रूसाची खूण करतात. कांदे-बटाट्याच्या गाडीवाले चाचासुद्धा माझ्याशी त्या वेळी बोलत नाहीत, फक्त हात छातीशी नेतात. मी चालता चालता मनात एकच प्रार्थना म्हणत राहते. एरवी ज्या गल्लीतून मी कशाकशाचा हिशेब करत जाते, त्याच गल्लीतून प्रभू माझ्याबरोबर जात आहे, ही जाणीव कामाच्या दिवशीही त्या गल्लीतून जाताना पूर्ण सुटत नाही.

घरी पोचल्यावरचा विधी छोटा आहे. या घराला शांती लाभो, असे म्हणून आत जायचे. टेबलावर पांढरे वस्त्र, क्रूस, शक्य असल्यास दोन मेणबत्त्या आणि पेल्यात पाणी ठेवलेले असते. पिक्स ठेवून क्षणभर आराधना करायची, पश्चात्तापाची प्रार्थना, शुभवर्तमानातला उतारा, मग सगळ्यांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. त्यानंतर ख्रिस्तशरीर दाखवायचे आणि आजाऱ्याने म्हणायचे की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, पण तू एक शब्द बोल म्हणजे मी बरा होईन. अंधेरी-कुर्ला रोडवरच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेले एक काका गावठाणातल्या जुन्या कौलारू घरात एकटे झोपून असतात. पहिल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा छप्पर दोन ठिकाणी गळत होते आणि खाली पातेली लावलेली होती. काका हे वाक्य म्हणताना छपराकडे बघून थांबले आणि मग फार सावकाश पुढचे शब्द म्हणाले. देवळात शेकडो लोकांबरोबर हे वाक्य मी जन्मभर म्हटले होते. ते एका खऱ्या घराविषयीचे, खऱ्या छपराविषयीचे आणि खऱ्या आजाऱ्याविषयीचे वाक्य आहे, हे मला त्या दिवशी कळले. कफर्णहूमच्या शताधिपतीने ते आपल्या चाकरासाठी म्हटले होते.

चाकरावरून आठवले. मिलिटरी रोडजवळच्या एका इमारतीत एक आजी आहेत. मुले परदेशी. त्यांच्याजवळ दिवसरात्र राहणारी बाई जालना जिल्ह्यातली, विठ्ठलभक्त, गळ्यात तुळशीची माळ. माझ्या यादीतल्या सगळ्या घरांत तिने मांडलेले टेबल सर्वांत नीटनेटके असते. वस्त्र धुऊन इस्त्री केलेले, पेला घासून उपडा ठेवलेला, मेणबत्तीखाली बशी, आणि माझी वेळ झाली की टीव्ही बंद, पंखा कमी, म्हणजे ज्योत विझणार नाही. तिने एकदा मला विचारले, “ताई, ह्या चकतीत नेमकं काय असतं?” मी तिला सांगितले की आम्ही मानतो, यात देव स्वतः येतो आणि आजींना भेटतो. ती म्हणाली, “मग मी बाहेर थांबू का?” मी म्हटले, नाही, आत थांबा. ती दाराशी हात जोडून उभी राहते. ख्रिस्तशरीर घेणे हे आमच्या ख्रिस्तसभेतल्या पूर्ण सहभागाचे चिन्ह असल्यामुळे मी तिला ते देऊ शकत नाही, आणि तिनेही ते कधी मागितले नाही. पण प्रार्थनेच्या शेवटी मी देवाचा आशीर्वाद मागते तो त्या खोलीतल्या सर्वांसाठी असतो, आणि मी तिचे नाव घेऊन मागते. आजींचे अंग पुसणे, कूस बदलणे, रात्री उठून पाणी पाजणे हे जे ती करते, त्याला मी पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीहून वेगळे मानू शकत नाही. त्याच भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले होते.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांविषयी मला सुरुवातीला धास्ती होती. समोरचा माणूस आपल्याला काय दिले जात आहे हे ओळखत नसेल तर द्यावे का? फादर म्हणाले की ज्या माणसाने आयुष्यभर श्रद्धेने ख्रिस्तशरीर घेतले आहे, त्याच्याबाबत शंका असेल तर ती त्याच्या बाजूने धरावी, आणि शब्दांपेक्षा देहाकडे पाहावे. या वर्गातले एक निवृत्त गृहस्थ आपल्या मुलीलाही ओळखत नाहीत. खोलीत अखंड येरझाऱ्या घालतात. मी मेणबत्ती लावते, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मोठ्याने सुरू करते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत ते थांबतात, दोन्ही हात जुळवतात आणि जीभ पुढे करतात, जुन्या काळी वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून घेत तसे. मुलगी एका कोपऱ्यात उभी राहून हे पाहत असते. तिला त्या काही क्षणांत वडील परत मिळतात, असे ती मला म्हणाली. मी यावर काही भाष्य करणार नाही. मला फक्त एवढे ठाऊक आहे की त्या घरी मी रविवार चुकवत नाही.

सगळीच घरे अशी नसतात. काही ठिकाणी मला उंबरठ्यावरून लवकर आटपा असे सुचवले जाते, काही ठिकाणी आजाऱ्यापेक्षा घरच्यांनाच बोलायचे असते. एका घरी अनेक वर्षे देवळात पाऊल न टाकलेले एक गृहस्थ म्हणाले की मलाही द्या. मी न्यायाधीश नाही, आणि पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार मला नाही. मी त्यांना म्हटले की फादरांना घेऊन येते, आणि त्याच आठवड्यात फादर आले. प्रापंचिक सेवकाच्या मर्यादा नीट पाळल्या तर त्या अडथळा ठरत नाहीत, उलट माणूस योग्य संस्कारापर्यंत पोचतो. आशीर्वाद देतानाही मी आजाऱ्यावर हाताने क्रूसाची खूण करत नाही, ते धर्मगुरूंचे काम. मी स्वतःवर खूण करत देवाकडे आशीर्वाद मागते. पवित्र सप्ताहात लोक हमखास विचारतात, म्हणून इथे नोंदवते: शुभ शुक्रवारी मिस्सा होत नसली तरी आजाऱ्यांना त्या दिवशी कोणत्याही वेळी ख्रिस्तशरीर नेता येते, पवित्र शनिवारी मात्र ते फक्त मरणासन्न व्यक्तीला देता येते. तसेच आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तासाभराच्या उपासाचे बंधन नाही. औषधाआधी दोन घास खाल्ले म्हणून आज नको, असे म्हणणाऱ्या कित्येक आजींना मी हे पुन्हा पुन्हा सांगत असते, कारण जुन्या शिस्तीत वाढलेल्यांच्या मनातून ती भीती जात नाही.

मरणासन्न माणसाला दिलेले ख्रिस्तशरीर ही त्याची शेवटच्या वाटेवरची शिदोरी असते. याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. मुंबईत आजारी माणसाला अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभागात हलवतात, तिथे भेटीची वेळ ठरलेली, तोंडात नळी, शुद्ध नाही. घरचे लोक फादरांना बोलवायला शेवटपर्यंत थांबतात, कारण फादर दिसले की आजारी माणूस घाबरेल अशी त्यांची समजूत असते. मी आजवर जे पाहिले ते याच्या उलट आहे. पापनिवेदन, रुग्णसंस्कार आणि शेवटचे कम्युनियन शुद्धीत असताना मिळालेली माणसे पुष्कळदा मोकळी होतात, घरच्यांशी बोलतात, कुणाला माफी मागायची असेल तर मागतात. फिटर काकांच्या शेजारच्या बाईंना डॉक्टरांनी घरी आणायला सांगितले होते. त्यांच्या लेकाने वेळेवर फोन केला. फादर आणि मी रात्री गेलो. बाईंनी तो लहानसा कण घेतला, पाणी प्यायल्या आणि सुनेला म्हणाल्या, “आता तू जेव, सकाळपासून उपाशी आहेस.” त्यानंतर त्या दोन दिवस होत्या. कृपा करून लवकर बोलवा. उशिरा बोलावून कुणाची भीती कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही.

या सेवेमुळे माझ्या रोजच्या दिवसात शिरलेला बदल वरून फारसा दिसणार नाही. आता मी बहुतेक दिवशी सकाळच्या मिस्सेला जाते. ती अर्ध्या तासाची, मोजक्या लोकांची, गाण्यांशिवाय असते. अर्पणाच्या वेळी फादर भाकर उचलतात तेव्हा माझ्या यादीतली नावे मी एकेक करून मनात घेते. पूर्वी त्या क्षणी मला माझ्या अडचणी आठवायच्या, आणि आठवू नयेत असेही नाही. पण ख्रिस्ताने “हे तुमच्यासाठी दिले जाणारे माझे शरीर आहे” म्हटले तेव्हा त्यातल्या ‘तुमच्या’मध्ये गळक्या छपराखालचे काका आणि येरझाऱ्या घालणारे ते गृहस्थ येतात, हे मला त्यांच्या घरी जाऊन आल्यावर आठवण्याची गरज पडत नाही. घरी आल्यावर नातवंडांचे डबे भरते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या वेदीवर आशीर्वादासाठी आणल्या जातात. मरोळमध्ये शेते उरलेली नाहीत, तरी आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथोलिकांनी, हा सण सोडलेला नाही. गेल्या वर्षी मी आशीर्वादित लोंब्यांचे दाणे लहान पुड्यांत बांधून ख्रिस्तशरीराबरोबर प्रत्येक घरी नेले. एका आजींनी ते उशीखाली ठेवले आणि त्यांच्या बापाच्या शेतात कुठले भात पिकायचे ते मला सांगत बसल्या.

माझी मुदत आता संपत आली आहे. यंदा आमच्या धर्मग्रामातून काही नवी माणसे प्रशिक्षणाला गेली आहेत, त्यांत आयटी कंपनीत काम करणारी एक तरुण मुलगी आहे याचा मला विशेष आनंद होतो, कारण हे काम निवृत्तांचेच आहे असा समज होऊन बसला होता. मिलिटरी रोडच्या बाजूची घरे तिच्याकडे जाणार आहेत. पहिल्या काही रविवारी मी तिच्याबरोबर जाईन, कोणाला चमचाभर पाणी लागते, कोणाला डाव्या कानाने ऐकू येते, कोणत्या जिन्यावर दिवा नसतो आणि कोणत्या घरी थोडे जास्त बसावे लागते हे तिला सांगेन, आणि त्यानंतर ती घरे तिची असतील.